नवापूरचं बाकडं आणि रोटाची पंगत

वाचकाचं पत्र :

माई, मी शिंदखेडा तालुक्यातली. धुळ्याला खोली घेऊन स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करते. श्रावणात कानबाईच्या सणाला घरी गेले होते. माझे सख्खे काका, आम्ही त्यांना नाना म्हणतो, सुरतला लिंबायतमध्ये राहतात. लूमवर काम करून त्यांनी तिथं घर केलं. तेही सगळ्यांना घेऊन आले होते. रोटाच्या, म्हणजे कानबाईच्या प्रसादाच्या, पंगतीत टीव्हीवर घुसखोरांची बातमी लागली. नाना म्हणाले, "घरात चोर शिरला तर त्याला कोणी जेवायला वाढतं का?" मग म्हणाले, "ही बोंडअळी आहे, वेळेवर फवारलं नाही तर शेत जातं." धाकटा भाऊ म्हणाला, कपाशीला भाव नाही त्यावर कोणी बोलत नाही, यांचे मात्र लाड. मला राहवलं नाही. मी बोलून गेले, "नाना, तुम्हीपण पोट भरायला सुरतला गेलात ना? मग तुम्हीपण घुसखोरच." नाना ताटावरून उठले. "मंग मी बी घुसखोर शे का?" एवढंच म्हणाले आणि विसर्जनाला न थांबता सकाळच्या गाडीने निघून गेले. तेव्हापासून माझा फोन घेत नाहीत. बाबा म्हणतात, माफी माग. पण मी चुकीचं काय बोलले? यापुढे घरात या विषयावर तोंडच उघडू नये का? आणि हो, गावाजवळ पुलाच्या कामावर बंगाली बोलणारे मजूर आलेत. भाऊ आणि त्याचे मित्र त्यांची आधार कार्डं तपासायला जायचं म्हणतात.

माईंचं उत्तर :

पोरी,

तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तू सगळ्यात शेवटी, जाता जाता लिहिलीस. मी तिथूनच सुरुवात करते. नानांचा राग आणखी आठवडाभर थांबेल, पुलावरचा प्रकार थांबणार नाही.

भावाला आजच सांग, त्या मजुरांच्या झोपड्यांकडे जायचं नाही. एकट्याने नाही आणि दहा जणांनी तर मुळीच नाही. खरोखर संशय असेल तर पोलीस पाटलाच्या कानावर घाला, नाहीतर ठाण्यात जाऊन सांगा. त्यापुढचं काम त्यांचं. आधार कार्ड बघून त्याला कळणार तरी काय आहे? आधार हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, हे त्याच्या कायद्यातच लिहिलंय. इथं कायद्याने राहणाऱ्या परदेशी माणसालाही ते मिळू शकतं. उलट अस्सल भारतीय मजुराचं कार्ड गावी पेटीत पडलेलं असू शकतं. म्हणजे कार्ड निघालं म्हणून कोणी आपला ठरत नाही, नाही निघालं म्हणून परका ठरत नाही. मग तिथं जाऊन होणार काय, तर दहा पोरं चार भ्यालेल्या माणसांना घेरून उभी राहणार.

राईनपाडा तुला आठवत असेल. आपलाच धुळे जिल्हा, साक्री तालुका, १ जुलै २०१८, आठवडे बाजाराचा रविवार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं भिक्षा मागत तिथं आली होती. मोबाइलवर पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबून मारून टाकलं. त्यांतली बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली होती, महाराष्ट्रातली. त्या गर्दीतल्या बहुतेकांनी आयुष्यात कोणाला मारलेलं नसेल. त्यांच्या डोक्यात एक जोडणी घट्ट बसली होती : अनोळखी चेहरा, वेगळे कपडे, वेगळी बोली, म्हणजे पोरं पळवणारा. त्या जोडणीत काही चुकतंय का, हे विचारायला त्या दिवशी तिथं कोणी थांबलं नाही. तुझ्या पत्रातल्या सगळ्या तुलना मी त्या खोलीच्या आठवणीसकट वाचल्या. जेवणाच्या पंगतीतलं बोलणं हवेत विरून जातं असं मला आता वाटत नाही.

पुलावरचे मजूर बंगाली बोलतात, एवढंच तुम्हाला माहीत आहे. बंगाली ही पश्चिम बंगालमधल्या कोट्यवधी भारतीयांची भाषा आहे. जळगावच्या सराफ बाजारात दागिने घडवणारे कितीतरी कारागीर तिकडचे. आपल्या घरातल्या मंगळसूत्राच्या वाट्या बहुधा त्यांच्याच हातच्या असतात. २०२५ मध्ये महाराष्ट्रात मजुरीला आलेल्या पश्चिम बंगालच्या काही जणांना बांगलादेशी समजून सीमेपलीकडे ढकललं गेलं. नंतर ते भारतीय असल्याचं दिसून आलं आणि त्यांना परत आणावं लागलं. पोलीस आणि सीमेवरचं दल यांच्या हातूनही असं होतं, तर तुझ्या भावाच्या मित्रांचं काय घेऊन बसलीस!

आता नानांकडे येते. तू विचारतेस, मी चुकीचं काय बोलले. चूक तुझीच झाली, आणि ती साधी नाही.

सुरत-भुसावळ लाइनवर नवापूर स्टेशन तू पाहिलं असशील. महाराष्ट्र-गुजरातची हद्द त्या स्टेशनातून जाते. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरची खोली गुजरातेत. फलाटावर एक बाकडं आहे, त्याचा अर्धा भाग या राज्यात आणि अर्धा त्या राज्यात. त्यावर दोन बहिणी डबा उघडून बसल्या तर एकीच्या हातातली चटणी दुसऱ्या राज्यात जाते. तुझे नाना कितीतरी वर्षं त्या बाकड्यासमोरून ये-जा करतात. त्यांना तिथं कोणी पारपत्र विचारलं नाही आणि विचारायचा अधिकारही कोणाला नाही. संविधानाच्या कलम १९ ने प्रत्येक नागरिकाला भारतभर फिरण्याचा आणि कुठेही राहण्याचा हक्क दिलाय. तू परीक्षेसाठी ते कलम पाठ केलं असशील. तुझे नाना ते जगले आहेत. शिवाय १ मे १९६० पर्यंत सुरत आणि आपलं धुळं-जळगाव एकाच मुंबई राज्यात होतं. म्हणजे तुझ्या पणजोबांनी सुरत गाठली असती तर राज्याची वेससुद्धा ओलांडावी लागली नसती.

कोणतीही दोन माणसं काही बाबतींत सारखी असतातच. नाना आणि कुठल्यातरी सीमेवरून लपून आलेला मजूर, दोघं पोटासाठी घर सोडून निघाले, दोघांनी परक्या भाषेत भाव केला, दोघांनी एका खोलीत आठ जणांसोबत रात्री काढल्या असतील. हे साम्य खरं आहे आणि मोलाचं आहे. पण तू त्यावरून जो शब्द काढलास, घुसखोर, तो पोटाबद्दल काहीच सांगत नाही. तो हद्द आणि परवानगी यांबद्दल सांगतो, आणि नेमकं तिथंच दोघांमध्ये काही सारखं नाही. साम्य एका जागी दाखवायचं आणि निष्कर्ष दुसऱ्या जागी काढायचा, ही या वादातली सगळ्यात जुनी खोड आहे. दोन्ही बाजूंची माणसं ती करतात.

तुला बहुधा एवढंच म्हणायचं होतं की, नाना, पोटासाठी आलेल्या माणसाला चोर म्हणू नका. हेच आणि इतकंच बोलली असतीस तर ते ताटावरून उठले नसते. पण तू त्यांच्या सगळ्या आयुष्याला एक शब्द चिकटवलास, तोही रोटाच्या पंगतीत. रोट म्हणजे फक्त भाऊबंदांनी खायचं. तिथं बसलेल्या माणसाला परकं म्हणणं किती लागलं असेल, ते तुझ्या बाबांना कळलंय. तुलाही कळलंय, नाहीतर हे पत्र आलं नसतं.

नानांच्या तुलनाही बघते, म्हणजे मी त्यांची बाजू घेतली असं तुला वाटायला नको. घर आणि चोर ही तुलना मी शंभरदा ऐकली आहे. तिच्यात एक गोष्ट बरोबर आहे, ती मान्य करायला तू कचरू नकोस. आपल्याकडे कोणी यायचं हे ठरवायचा अधिकार देशाला आहे. परदेशी माणसाला बाहेर काढण्याचा सरकारचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने १९५५ मध्येच मान्य केला. २०२५ च्या नव्या कायद्याप्रमाणे वैध कागदांशिवाय देशात शिरणाऱ्याला पाच वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, किंवा दोन्ही. खोट्या कागदांची तक्रारही उगाच नाही. बांगलादेशी लोकांना उशिराच्या नोंदीतून जन्मदाखले दिल्याच्या तक्रारींवर राज्य सरकारला जानेवारी २०२५ मध्ये विशेष तपास पथक नेमावं लागलं. आपल्या शेजारचं मालेगाव त्यात सारखं चर्चेत होतं. खोटा दाखला विकणं हा गुन्हा आहे आणि तो विकणारा बहुतेक वेळा इथलाच असतो.

पण घराचं उदाहरण यापुढे नेलं की मोडतं. चोराला कोणी बोलावत नाही. मजुराला कोणीतरी आणलेलं असतं : मुकादमाने, ठेकेदाराने, निम्म्या मजुरीत काम करून घेणाऱ्या मालकाने. चोर रात्री येतो आणि घेऊन पळतो, हा भरदुपारी माल कालवत उभा असतो. घरात कुठलं तरी दार आतूनच उघडलं गेलंय, त्या हाताबद्दल नाना काही बोलत नाहीत. शिवाय चोराला घरधनी स्वतः धरतो, आरडाओरडा करतो, चार फटकेही देतो. देशाचं तसं नाही. तिथं घरधनी म्हणून मी किंवा तुझा भाऊ कोणाची झडती घेऊ शकत नाही. कलम २१ मध्ये जीविताचं आणि स्वातंत्र्याचं संरक्षण लिहिताना 'नागरिक' हा शब्द वापरलेला नाही, 'व्यक्ती' हा वापरलाय. म्हणून ते परदेशी माणसालाही लागू होतं. तुझ्या भावाच्या डोक्यात आधार तपासायची कल्पना या चोराच्या गोष्टीतूनच आली, असं मला वाटतं. चोर म्हटलं की धरायला जावंसं वाटणारच.

आणि दारं तरी किती प्रकारची असतात. रात्री शिटी वाजवत गल्लीतून फिरणारा गुरखा नेपाळचा असेल तर तो परदेशीच, पण घुसखोर नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला व्हिसा लागत नाही. कोणी व्हिसावर रीतसर आला आणि मुदत संपल्यावर राहिला, तो कायद्याने दोषी आहे, पण तो पुढच्या दाराने, आपल्याच परवानगीने आत आला होता. उद्या कोणी तुला म्हणेल, फाळणीत सिंधी बांधव आले तेव्हा कोणी अडवलं नाही, मग आताच का? ही तुलना तुझ्या बाजूची वाटेल, पण तीही घेऊ नकोस. त्यांच्यासाठी संविधानात कलम ६ होतं, १९ जुलै १९४८ ही तारीख होती, नोंदणीची रीत होती. देशाने ते दार ठरवून उघडलं होतं. सगळ्यांना एकाच 'घरात शिरलेला' या शब्दात कोंबलं की यातलं काहीच दिसत नाही.

बोंडअळीबद्दल मला शांतपणे लिहिता येणार नाही. तुझे बाबा कपाशी लावतात. गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तुम्हाला मी सांगायची गरज नाही. वरून हिरवंगार बोंड, आत पोकळ. म्हणूनच हे उदाहरण आपल्याकडे काळजाला भिडतं, आणि म्हणूनच ते भयंकर आहे. अळीला घर नसतं, लेकरू नसतं, तिची सुनावणी होत नाही, तिच्याबाबतीत चूक झाली असं कधी म्हणावं लागत नाही. अळी म्हटलं की फवारणीशिवाय दुसरा उपायच उरत नाही. कायदा मोडणाऱ्या माणसासाठी कायदा आहे, तुरुंग आहे, परत पाठवण्याची रीत आहे. अळीसाठी यातलं काही लागत नाही. म्हणून ज्याला माणसाबद्दल काही वाईट करायचं असतं, तो आधी त्याला किडा म्हणतो. तुझे नाना वाईट माणूस नाहीत. त्यांनी हा शब्द कुठून तरी उचलला आणि शेताशी जोडला. या बाबतीत मात्र तू त्यांना अडवायलाच हवं, पुढच्या वेळी, हळू आवाजात, पण अडवायलाच हवं.

भावाच्या कपाशीच्या भावाबद्दल दोनच वाक्यं. भाव मिळायलाच हवा, त्यासाठी त्याने रस्त्यावर बसावं, मीही येऊन बसेन. पण उद्या देशातला शेवटचा घुसखोर गेला तरी क्विंटलमागे रुपया वाढणार नाही, कारण या दोन दुखण्यांचा एकमेकांशी संबंध नाही.

आणखी एक गोष्ट तुला सांगावीशी वाटते, कारण ती माझ्या हाताने झाली आहे. मी बत्तीस वर्षं शाळेत शिकवलं, त्यातली काही सातपुड्याच्या पायथ्याशी. पहिलीत नाव घालायला आलेल्या आईला जन्मतारीख विचारली की ती सांगायची, "आखाजीनंतर (अक्षय्य तृतीयेनंतर) झाला, त्या साली पाणी उशिरा आलं होतं." आम्ही रजिस्टरात लिहायचो : १ जून. खानदेशात १ जूनला जन्मलेली इतकी माणसं का आहेत, ते तुझ्या आजोबांच्या दाखल्यावर बघ, बहुतेक तिथंही तेच सापडेल. विदेशी नागरिकांच्या १९४६ च्या कायद्यात आणि त्याच्या जागी आलेल्या २०२५ च्या कायद्यातही, मी परदेशी नाही हे सिद्ध करायची जबाबदारी त्या माणसावरच आहे. आसाममध्ये ३१ ऑगस्ट २०१९ ला नागरिक नोंदणीची अंतिम यादी लागली तेव्हा १९ लाखांहून जास्त माणसं बाहेर राहिली. एकाच घरातला भाऊ आत आणि बहीण बाहेर, अशीही उदाहरणं निघाली. ज्याच्याकडे कागद नाही तो परका, हे समीकरण मांडताना मला नेहमी पहिलीच्या वर्गासमोर पदर सावरत उभी असलेली ती पावरा आदिवासी आई दिसते. तिच्याकडे कागद नव्हता. जमीन होती, बोली होती, सात पिढ्यांचा डोंगर होता.

तू म्हणशील, मग तुलना करायचीच नाही का? करायची. एक तुलना मला टिकणारी वाटते. ५ फेब्रुवारी २०२५ ला अमेरिकेने १०४ भारतीयांना लष्करी विमानातून अमृतसरला आणून सोडलं. त्यांत महाराष्ट्राचेही होते. ती माणसं तिथं बेकायदा होती आणि त्यांना परत पाठवायचा अमेरिकेला अधिकार होता. हे आपल्या सरकारनेही संसदेत नाकारलं नाही. पण त्यांच्या हातापायांत बेड्या घातल्याचं कळलं तेव्हा आपल्याला राग आला. नानांनाही आला असेल, विचार त्यांना. पाठवा, पण असं नको, हेच आपण म्हणत होतो. म्हणजे पाठवण्याचा अधिकार ही एक गोष्ट आणि पाठवताना माणसाशी कसं वागायचं ही दुसरी, हे आपल्याला तेव्हा नीट कळलं होतं. इथं साम्य नेमकं त्याच जागी आहे जिथं निष्कर्ष काढायचाय : दोन्हीकडे बिनपरवान्याने राहिलेला माणूस, दोन्हीकडे त्याला परत पाठवणारं सरकार, दोन्हीकडे प्रश्न वागणुकीचा. कोणीही तुलना केली, तू किंवा नानांनी, की आधी विचारायचं, "कोणत्या बाबतीत सारखं?" उत्तर मिळेपर्यंत त्या तुलनेवर काही बांधायचं नाही.

तेव्हा घरात तोंड उघड. जरूर उघड. पण आधी सुरतला जा.

फोनवर हे होणार नाही. दोंडाईच्याहून सुरतची गाडी पकड, भावाला सोबत घे. चार दिवस तो गावात नसला तर पुलावरचा विषयही थंडावेल. आईकडून कळण्याचं पीठ आणि दोंडाईच्याच्या लाल मिरच्या घेऊन जा. काकू भाकरी टाकायला लागली की निम्मं काम होईल. नानांसमोर बसलीस की पहिलं वाक्य हेच असू दे, "नाना, मन्हं चुकनं." त्याच्यापुढे 'पण' लावू नकोस. कलम १९ काढू नकोस, अमेरिका काढू नकोस, मी वर लिहिलेलं काहीच त्या दिवशी काढू नकोस. त्यांना विचार, पहिल्यांदा सुरत स्टेशनवर उतरलात तेव्हा कोणाकडे गेलात, लूमवर पहिला पगार किती मिळाला, गुजराती यायला किती दिवस लागले, तेव्हा तुम्हाला कोणी काय म्हणायचं. मग गप्प बसून ऐक. भावालाही ऐकू दे. त्याच्यासाठीच हे जास्त गरजेचं आहे.

घर आणि चोराची गोष्ट नाना पुन्हा काढतीलच, दुसऱ्या दिवशी नाहीतर पुढच्या आखाजीला. तेव्हा त्यांना एवढंच विचार, "नाना, त्याले काम कोन देस?" नाना आयुष्यभर कारखान्यात राहिले आहेत. मालक कोणाला का ठेवतो, हे त्यांना तुझ्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

तुझी,
माई